यादीतून गेलेला थांबा

चाकणच्या ज्या कारखान्यासाठी मी हे काम केलं, तिथं बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. मोटारीच्या डॅशबोर्डमागे, दरवाज्यांच्या पोटात रंगीत वायरींच्या जुड्या असतात, त्या जुड्या बांधायचं काम तिथं चालायचं. बायका दापोडी, भोसरी, दिघी, चऱ्होली, आळंदी अशा ठिकाणांहून यायच्या आणि त्यांची ने-आण करायला कंपनीच्या अकरा बस होत्या. कुठली बस कुठल्या शिफ्टला, कुठल्या थांब्यांवरून, कुणाकुणाला घेऊन येणार याची यादी रोज निघायची आणि ड्रायव्हरच्या हातात पडायची. ती यादी काढणारा प्रोग्राम मी लिहिला.

मी स्वतः दापोडीची. वडील भोसरीत टर्नर होते. आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे, त्याच्या माडीवर अभ्यासिका होती, तिथं बसून मी मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण केला. पुढं तीन वर्षं चाकणलाच एका दुसऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर उभी राहिले. ती कंपनी दुसऱ्या राज्यात गेली आणि आम्ही घरी बसलो. मग मी प्रोग्रामिंगचा क्लास लावला आणि पिंपरीतल्या एका लहानशा ऑफिसात चिकटले. हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली, चार टेबलं आणि मालक धरून पाच माणसं. मालकांनी सुरुवातीचे प्रोग्राम रुबी नावाच्या भाषेत लिहिलेले होते, म्हणून मीही रुबीच शिकले. शिकताना आवडली. वाचायला सोपी भाषा आहे, आपण बोलतो तशीच पुष्कळदा लिहिता येते.

त्या भाषेत माहिती ठेवायच्या दोन साध्या रीती आहेत. एक ॲरे, म्हणजे ओळीनं मांडलेल्या गोष्टी, पहिली, दुसरी, तिसरी. दुसरी हॅश, म्हणजे एक नाव आणि त्या नावापुढं ठेवलेली गोष्ट. ही गोष्ट स्वतः आणखी एक हॅश असू शकते, तिच्या आत ॲरे असू शकतो, त्या ॲरेत पुन्हा हॅश. बसचं काम हातात आलं तेव्हा मला वाटलं, या कामासाठी याहून चांगली रीत सापडायची नाही. सगळ्यात बाहेर शिफ्ट. शिफ्टच्या आत बस. बसच्या आत ओळीनं थांबे, कारण थांब्यांना क्रम असतो. प्रत्येक थांब्याच्या आत तिथं चढणाऱ्या बायकांची नावं.

हे मला त्या कंपनीच्या गाड्या बघणाऱ्या काकांनी पहिल्याच भेटीत जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. साठीच्या आसपासचे गृहस्थ, चऱ्होलीचे जुने रहिवासी. त्यांच्या शेतावर आता दहा-दहा मजल्यांच्या इमारती आहेत. ते मात्र घरी बसून राहायला तयार नव्हते, म्हणून गाड्यांचं काम धरलेलं. मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही आत्तापर्यंत हे सगळं कसं सांभाळत होता?"

"सांभाळायचं काय त्यात, ताई," ते म्हणाले. "शिफ्टात गाडी, गाडीत थांबा, थांब्याव बाई. यवढंच हाय. आमी डोक्यातच ठेवतो."

मी हसले आणि वहीत तेच लिहून घेतलं. पहिले दोन महिने प्रोग्राम सुरळीत चालला. काकांना कॉम्प्युटरला हात लावायचा नव्हता. यादी छापून निघायची, ते चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि ड्रायव्हरला द्यायचे. अशी सवयच पडली. पुढं पुढं वाचणंही कमी झालं, कारण चूक सापडत नव्हती. ड्रायव्हर तर यादी खिशातच ठेवायचे. त्यांना रस्ता पाठ होता.

मग एका आठवड्यात कंपनीला तातडीची ऑर्डर आली. गुरुवारी त्यांची सुट्टी असायची, पण त्या गुरुवारी फक्त दुसरी शिफ्ट चालवायची असं ठरलं. ज्यांना ओव्हरटाइम करायचा त्यांनी यावं. बहुतेक सगळ्या जणी येणार होत्या. चार नंबरच्या बसच्या मार्गावर फक्त दिघीहून कुणी येणार नव्हतं, तेवढा थांबा त्या दिवसापुरता गाळायचा होता. बुधवारी दुपारी मला हा निरोप आला.

नवीन यादी पहिल्यापासून लिहीत बसण्यापेक्षा रोजच्या यादीची प्रत काढावी आणि तीत बदल करावेत, हे कुणालाही सुचेल. रुबीत प्रत काढायला एक शब्द पुरतो, डप. मी प्रत काढली. प्रतीमधून पहिली आणि तिसरी शिफ्ट काढून टाकली. मग दुसऱ्या शिफ्टच्या आत गेले, चार नंबरच्या बसच्या आत गेले, थांब्यांच्या ओळीतून दिघी पुसली. आणि मी तपासलंही. हे मी आजही स्वतःला बजावून सांगते, की मी तपासलं होतं. रोजची मूळ यादी उघडून बघितली. पहिली आणि तिसरी शिफ्ट जागच्या जागी होती. म्हणजे मूळ यादीला धक्का लागलेला नाही, असं मी धरून चालले. दोन्ही याद्या जपून ठेवल्या आणि डबा आवरून सहाच्या बसनं घरी गेले.

गुरुवार चांगला गेला. शुक्रवारी दुसऱ्या शिफ्टची यादी नेहमीसारखी छापून निघाली. चार नंबरचा नेहमीचा ड्रायव्हर त्या दिवशी रजेवर होता आणि त्याच्या जागी नवा माणूस आला होता. त्याला रस्ता माहीत नव्हता, म्हणून तो यादीच्या आधारानं चालला होता.

शनिवारी सकाळी अकराला काकांचा फोन आला.

"ताई, दिघीचा थांबा कुटं गेला?"

"कुठं गेला म्हणजे? तो फक्त गुरुवारपुरता काढला होता."

"काल बी न्हवता. कागद माझ्या हातात हाय. भोसरी झाली की एकदम चऱ्होली फाटा."

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "काका, तुमच्याकडून कुणीतरी गुरुवारचाच कागद परत छापला असेल. नीट बघा."

ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी त्या मशीनला शिवतसुदिक न्हाई. आन कागदाव शुक्रवार लिवलाय."

मी फोन ठेवला आणि मूळ यादी उघडली. शिफ्ट तिन्ही होत्या. दुसऱ्या शिफ्टच्या आत गेले, चार नंबरच्या बसच्या आत गेले. दिघी नव्हती.

मी कोरी खिडकी उघडून एक छोटासा हॅश तयार केला, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तीन अक्षरांचा ॲरे. बाहेरच्या हॅशची डपनं प्रत काढली. प्रतीच्या आतल्या ॲरेमधून एक अक्षर पुसलं. मग मूळ हॅश छापून बघितला. तिथलंही अक्षर गेलेलं होतं. रुबीत प्रत्येक गोष्टीला एक ओळख क्रमांक असतो. मी दोन्हीकडच्या ॲरेंचे क्रमांक मागितले. एकच क्रमांक दोनदा आला.

डप फक्त सगळ्यात बाहेरच्या थराची प्रत काढतं. आतलं काही नवं तयार होत नाही. दोन्ही हॅश आतल्या त्याच गोष्टींकडे बोट दाखवत राहतात. म्हणून बाहेरच्या थरातल्या शिफ्ट काढल्या तेव्हा मूळ यादी शाबूत राहिली, आणि दोन थर आत जाऊन थांबा पुसला तेव्हा तो दोन्हीकडून गेला. मी तपासताना नेमका तोच थर बघितला होता जो सुरक्षित होता. हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं. परीक्षेत मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. आत जाऊन, प्रत्येक थराची वेगळी प्रत काढत शेवटपर्यंत पोचणारा दहा ओळींचा तुकडा मी लिहिला. समोर हॅश आला तर त्याच्या प्रत्येक गोष्टीची प्रत काढ, ॲरे आला तर त्यातल्या प्रत्येकाची. मग दिघी परत तिच्या जागी लावली आणि मालकांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना सतत काळजी असायची, की हे एक मोठं गिऱ्हाईक गेलं तर चार टेबलांचं काय होणार.

"झालं ना दुरुस्त?" ते म्हणाले. "मग त्यांना कळवून टाक, तांत्रिक अडचण होती, आता दूर झाली."

मी काकांना फोन करून म्हटलं, "चूक माझी होती. तुमच्यावर ढकलली, माफ करा. थांबा परत लागलाय."

"थांबा लागला त्ये बरं झालं," काका म्हणाले. "पर त्या बाईची परीक्षा गेली की."

"कुठल्या बाईची?"

तेव्हा मला सगळं कळलं. दिघीच्या थांब्यावर दोघीच जणी चढायच्या. त्यातली एक गावी गेली होती. दुसरी त्या दिवशी दीडपासून चौकात उभी होती. शुक्रवारी तीन वाजता कंपनीत लाइन लीडरच्या बढतीची परीक्षा होती, आणि तिचं नाव त्या परीक्षेत होतं. अभ्यासाला वेळ मिळावा म्हणूनच तिनं गुरुवारचा ओव्हरटाइम नाकारला होता. बस आली, तिनं हात केला, बस पुढं निघून गेली. नव्या ड्रायव्हरला वाटलं, कुणी दुसरीच बाई दुसऱ्याच गाडीसाठी हात करतेय. आतल्या बायका डुलक्या घेत होत्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. ती रिक्षा बदलत बदलत चार वाजून गेल्यावर पोचली. तोपर्यंत दार लागलं होतं. तिच्या नावापुढं गैरहजर असं लिहिलं गेलं.

मीही तीन वर्षं अशा बसची वाट बघत रस्त्यावर उभी राहिले होते. डोक्यावर ओढणी, हातात डबा, आणि लांबून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या बसकडे मान उंचावून बघणं. एवढं माहीत असून माझ्या यादीत तो थांबा म्हणजे ओळीतला एक घटक होता. त्यात माझं काही चुकलं असंही म्हणवत नाही. यादी लिहिताना माणूस घटकच मोजतो.

सोमवारी मी मालकांना सांगून दुपारची सुट्टी घेतली आणि दापोडीला चार नंबरच्या बसमध्ये चढले. काकांनी परवानगी काढून ठेवली होती आणि ते स्वतः ड्रायव्हरच्या मागं बसले होते. दिघीला बस थांबली. पस्तिशीची, बारीक अंगाची एक बाई चढली. काकांनी तिला हाक मारून माझ्या शेजारी बसवलं.

"ह्या त्या प्रोग्रामवाल्या ताई," ते म्हणाले आणि मान वळवून रस्त्याकडे बघू लागले.

मी तिला सांगितलं की शुक्रवारी तिचा थांबा माझ्या चुकीनं गेला. तिनं विचारलं, "म्हणजे माझं नाव खोडलं होतं का तुम्ही?"

"नाही, नाव नाही. थांबाच गेला. तुमचं नाव थांब्याच्या आत होतं, म्हणून तेही गेलं."

"मी काही केलं होतं का?"

"तुम्ही काहीच केलं नव्हतं."

ती लातूरकडची होती, दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडं आलेली. बोलताना आवाज चढला नाही, आणि त्यानं मला जास्त अवघडल्यासारखं झालं. ती म्हणाली, "मी वाट बघायले होते हो. मी आमच्या लाइनीच्या सायबाला तेच सांगितलं, गाडी थांबली नाही म्हणून. तर त्यांनी कागद मागवला. कागदावर दिघीच नाही. ते म्हणले, या गाडीला दिघीचा थांबाच नाही, तुम्ही खोटं कशाला बोलायलाव? दोन वर्षं झाली मी तिथंच चढायले. पण कागदावर नाही म्हणल्यावर काय बोलावं?"

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, तिची परीक्षा हुकली एवढंच. तिला खोटं ठरवायला माझी यादी पुरावा म्हणून वापरली गेली होती. मी शनिवारी काकांना जे केलं तेच साहेबांनी तिला केलं होतं. त्यांच्या हातात निदान कागद होता. मी तर कागद न बघताच बोलले होते.

बस आळंदी ओलांडून चाकणच्या रस्त्याला लागली. मी विचारलं, "पुढची परीक्षा कधी आहे?"

"काय माहीत. मागची होऊन वर्ष झालं होतं."

"मी लिहून दिलं तर? चूक आमची होती असं?"

तिनं खांदे उडवले. "बघा. द्यायचं असंल तर आजच द्या. उद्या कोण कुणाला विचारतंय."

मी बसमधूनच मालकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तोंडी सांग ना. लेखी कशाला? लेखी दिलं की ते कागद वर जातात. उद्या करार नवा करताना तोच कागद समोर ठेवतील."

"तोंडी तिनंही सांगितलं होतं, सर. कुणी ऐकलं नाही."

"हे बघ, मी तुला नाही म्हणत नाही. पण ऑफिसच्या नावानं देऊ नकोस."

"बरं. माझ्या नावानं देते," मी म्हटलं. नोकरी जाईल असं मला खरंच वाटलं होतं.

कारखान्याच्या फाटकाजवळ काकांची एक छोटी केबिन होती. तिथं बसून मी काकांच्या वहीतला कोरा कागद फाडून कंपनीच्या एचआर मॅडमच्या नावानं पत्र लिहिलं. पहिल्या खेपेला मी 'नेस्टेड हॅशची अपुरी प्रत' वगैरे लिहिलं. काकांनी वाचायला घेतलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"ताई, ह्ये खरं आसंल. पर त्या म्याडमला कळायचं न्हाई, आन न कळालेला कागद बाजूला पडतो. बाई खरं बोलली का न्हाई, त्ये आदी लिवा."

मी पुन्हा लिहिलं. पहिल्याच वाक्यात लिहिलं की संबंधित कर्मचारी शुक्रवारी सांगत होत्या ते खरं आहे, त्या नेहमीच्या थांब्यावर हजर होत्या, आणि बस तिथं न थांबण्याचं कारण मी केलेली चूक हे आहे. मग दोन ओळींत चूक काय ते. खाली माझी सही.

एचआरच्या मॅडम माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "पण तुम्ही तर प्रत काढली होती ना? मग मूळ यादी कशी बदलली?" त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी त्यांच्या टेबलावरच्या कागदावर दोन चौकोन काढले, एकावर 'रोज' लिहिलं, दुसऱ्यावर 'गुरुवार'. मग खाली एकच चौकोन काढला, त्यात 'बस चार' लिहिलं आणि वरच्या दोन्ही चौकोनांतून त्याच्याकडे बाण ओढले. "वरचे दोन वेगळे आहेत. खालचा एकच आहे. मी गुरुवारच्या बाणावरून खाली गेले आणि तिथलं पुसलं."

त्यांनी दोन्ही बाणांवरून पेन फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तिला आम्ही उगाच बोललो."

"हो."

"असं पत्र कोणी देत नाही, तुम्हाला माहितेय?" त्यांनी पत्रावर तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "मी विचारून बघते. शब्द देत नाही."

परत यायला मला कंपनीची बस नव्हती. मी रस्त्यावर येऊन पीएमपीच्या बसची वाट बघत उभी राहिले. मोठं काही केल्याचा आनंद वगैरे नव्हता. मालकांना उद्या काय सांगायचं, याचीच धाकधूक होती.

मालक दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्यांना कंपनीतून फोन आला. ते गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलले. आत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. "त्यांनी आणखी एका प्लांटच्या बस आपल्याला द्यायच्या का, असं विचारलंय," ते म्हणाले. "पत्राबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही." जाता जाता म्हणाले, "पण यापुढं कुणाचाही बदल दुसऱ्यानं बघितल्याशिवाय जाणार नाही. माझासुद्धा." हा नियम त्या ऑफिसात अजून चालू आहे.

तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. आजारपणामुळं आणखी दोघी राहिल्या होत्या, त्यांच्याबरोबर तिलाही बसवलं. काकांनी फोन करून सांगितलं. निकालाचं सांगायलाही त्यांनीच केला. "वायरीच्या कामात पयली आली. लेखीत काठाव पास. पर झाली." त्यांच्या आवाजात असा काही आनंद होता की जणू घरातलंच कुणी पास झालंय. मी विचारलं, साहेब तिला काही म्हणाले का. "सायब काय म्हनत्यात," काका म्हणाले. "आता तिला नमस्कार करत्यात, यवढंच."

तिनं मला फोन केला नाही, आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. तिचं एक काम माझ्यामुळं अडलं होतं, ते मार्गी लागलं. यात माझे आभार मानण्यासारखं काय होतं?

त्यानंतर मी रुबीत खूप लिहिलं. एकात एक गुंतलेल्या याद्या तर रोजच्याच झाल्या. शिकाऊ मुली ऑफिसात येतात, त्यांना मी आतली प्रत आणि बाहेरची प्रत यांतला फरक समजावते. त्यांना तो लगेच कळतो, मलाही लगेच कळला होता. कळणं आणि बुधवारी दुपारी घाईत आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र समजावून सांगता येत नाही. म्हणून मी त्यांना सांगते, बदल केलास की ज्या यादीला हात लावला नाहीस तीही उघड, आणि शेवटच्या थरापर्यंत जा. जिथं माणसांची नावं येतात तिथपर्यंत. मधे कुठं थांबून 'ठीक दिसतंय' म्हणू नकोस.

मुली माना डोलावतात. एकीनं एकदा विचारलं, "मॅडम, एवढ्या याद्या रोज कोण उघडून बघणार?" मी म्हटलं, त्यासाठी आपण चाचण्या लिहू, मशीनच बघेल. तशा आम्ही लिहिल्याही. तरी नवीन यादी असली की मी एकदा डोळ्यांनी वाचते.

गेल्या वर्षी मी काही कामानं त्या कारखान्यात गेले होते. एव्हाना बसबरोबर लाइनीवर कोण कुठल्या टेबलावर बसणार याची यादीही आमचाच प्रोग्राम काढत होता. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मागून हाक मारली. तीच होती. लीडरचा वेगळ्या रंगाचा एप्रन, हातात कागदाचा पॅड. आता ती पहिल्या शिफ्टला असते आणि घरही बदललंय, त्यामुळं चार नंबरच्या बसशी तिचा संबंध उरलेला नाही. काका निवृत्त झाल्याचं तिनंच मला सांगितलं.

"बरं झालं भेटलाव," ती म्हणाली. "तुमच्या त्या यादीत एक चूक हाय. माझ्या लाइनीवरच्या एकीचं नाव दोनदा यायलंय."

मी तिथंच लॅपटॉप उघडला आणि तिच्या समोरच एकेक थर उघडत आत गेले. शिफ्ट, लाइन, टेबल, नावं. नाव दोनदा होतं खरं, पण छापील कागदावर न येणारे कर्मचारी नंबर वेगळे होते, टेबलंही वेगळी. त्या दोन वेगळ्या बायका होत्या, नाव आणि आडनाव एकच.

"या दोघी आहेत," मी म्हटलं. "चूक नाही."

"दोघी हायत ते मला माहितच हाय की," ती म्हणाली. "एक बीडची, एक आमच्याकडची. एकमेकीच्या लांबच्या बहिणी लागतेत. पण मी रजेवर असले अन् दुसऱ्या लीडरनं हा कागद बघितला, तर त्याला काय कळावं? तो एकीचंच नाव चुकून दोनदा आलंय म्हणून खोडून टाकंल."

ती पॅड छातीशी धरून उत्तराची वाट बघत उभी होती, मागं भोंगा वाजायच्या बेतात होता.

"नावापुढं गाव लिहू का?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "गाव नको. गावावरून हसतेत बायका. टेबलाचा नंबर लिवा."

मी टेबलाचा नंबर लिहिला. तिनं वाकून पडद्यावर ती दोन नावं वाचली, बोट ठेवून, सावकाश, आणि मग लाइनीवर गेली.